काल पाणी कुणी आणलं?

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यातल्या निम्म्या बायकांची कंबर माझ्यामुळं गेली आहे. हे माझं म्हणणं नाही, त्या बायकांचं आहे. लग्नात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर कुणीतरी मला ओळखतं आणि सोबतच्या बाईला सांगतं, "ह्याच त्या. ह्यांनीच मला मणक्यात सुई दिली व्हती. तवापासून कंबर राहिली न्हाई बघ." आणि माझं तोंड उतरलेलं दिसलं की वर पुस्ती, "बाई लई चांगल्या हायेत हां पण." मी हसून नमस्कार करते आणि पुढं जाते. काय करणार?

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं नाव पेशंटच्या नातवंडांपर्यंत पोचतं, भूल देणारीचं नाव कधीकधी डिस्चार्जच्या कागदावरही नसतं. लोकांना वाटतं, सुई टोचली की आमचं काम संपलं आणि मग आम्ही चहा पीत बसतो. खरं तर सर्जन पोटात बघत असतो तेव्हा बाकीचा सगळा माणूस मी बघत असते: श्वास, नाडी, रक्तदाब, नखांचा रंग. माणसाला झोपवणं सोपं आहे, त्याला पुन्हा त्याच्या घरच्यांच्या हवाली करणं हे काम. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, जिथून फोन येईल तिथं मी माझी बॅग घेऊन जायची. एका दिवसात तीन गावं झाली, असंही कितीदा व्हायचं. हात थोडा थरथरायला लागला त्या आठवड्यात मी थांबले. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

माझे आजोबा राजस्थानातून आले आणि जुन्नरच्या पेठेत त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. आमच्या घरात मारवाडी उरली ती आजीशी बोलण्यापुरती. भांडायचं असलं की सगळे मराठीत. वडील मला लहानपणी गल्ल्याशेजारी बसवायचे आणि सांगायचे, "गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐक, पण त्याचा हात कुठल्या ताग्यावर रेंगाळतो ते बघ." पुढं मेडिकल कॉलेजात मोठमोठी पुस्तकं वाचली, पण माझ्या धंद्याचं निम्मं शिक्षण त्या दुकानातच झालं होतं.

भूल देण्याआधी पेशंटचं हृदय किती दमाचं आहे ते पाहावं लागतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, दोन जिने चढता का ते विचारा. आमच्याकडं जिने कुठं? मी विचारायची, "लेण्याद्रीच्या पायऱ्या न थांबता चढता का?" एकदा एक हर्नियाचे बाप्ये आले, मिशीवाले, आवाज खणखणीत. म्हणाले, "आवो, दर चतुर्थीला जातो राव!" मागं त्यांची बायको उभी होती, ती पदराआड मान हलवत होती. मी विचारलं, मधे कुठं थांबता का? "थांबतो ना. तीन-चार ठिकाणी बसतो. माकडं बघाया." मी त्यांचं ऑपरेशन थांबवून त्यांना आधी हृदयाच्या डॉक्टरकडं पाठवलं. माझ्यावर सर्जन चिडले, पेशंट चिडले, पेशंटचे भाऊ तर अंगावरच आले. तपासणीत हृदयाची झडप खराब निघाली. नंतर ते भाऊ आंब्याची पेटी घेऊन आले. पेटी मी ठेवून घेतली, कारण शिव्याही मीच खाल्ल्या होत्या.

तर ती कंबर. मणक्यातल्या सुईनं जन्माची कंबर जाते, हे मला पटत नव्हतं. पण "तुमचा गैरसमज आहे" असं म्हणून उडवून लावणंही पटेना. इतक्या बायका एकच गोष्ट सांगतात, तर दुखतं हे तर खरं असणार. म्हणून ऐन उमेदीत मी एक वही घातली. सुई दिलेल्या बायका आणि सुई न दिलेल्या त्यांच्याच जावा, नणंदा. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पाणी भरायला लागली, भाताच्या लावणीला कधी उतरली, डोक्यावर मोळी कधी घेतली. चार-पाच वर्षं लिहीत गेले. सुई न दिलेल्या जावेचीही कंबर तितकीच दुखत होती. कंबर जात होती ती चिखलात वाकून आणि ओल्या अंगानं ओझं उचलून. फक्त सुई लक्षात राहायची, कारण तिच्या वेळी माणसं भोवती उभी असायची. ओझ्याच्या वेळी कोण उभं असतं?

ती वही घेऊन मी पुण्याला माझ्या जुन्या सरांकडं गेले. त्यांनी दोन पानं उलटली, प्रेमानं हसले आणि म्हणाले, "अगं, गावात प्रॅक्टिस होते, संशोधन होत नसतं. त्याला संस्था लागते, निधी लागतो. तू आपली चांगली भूल दे." मी मान डोलावली. कुणाशी भांडले नाही, दुसऱ्या कुणाला वही दाखवली नाही. पुढं घर बदलताना ती मीच, स्वतःच्या हातानं, रद्दीत दिली. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण त्या एका चुकीची मला अजून लाज वाटते.

माझं काम थांबलं त्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात डॉक्टर स्नेहल आली. जुन्नरच्या डोंगरातल्या मढकडची पोर. घरची भातखाचरं, नाचणी, वरई. भूलशास्त्रात एमडी झालेली आणि वर दुखणं कमी करण्याच्या शास्त्राचं वर्षभराचं प्रशिक्षण घेतलेली. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयानं बोलावलं होतं, तरी ही इकडं आली. दर मंगळवारी ती दुखण्याची ओपीडी चालवायची. मी पहिल्यांदा तिथं डोकावले, तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाबांना विचारत होती, "बाबा, अजिबात दुखत नसलं तर शून्य आणि सहनच होत नसलं तर दहा. तुमचं दहापैकी किती?" बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "तुमीच द्या काय द्यायचे ते. आमी कवा पेपर तपासलेत?"

बाबा गेल्यावर ती डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "मॅडम, सगळं शास्त्र ह्या आकड्यावर उभं आहे. आणि आपल्या बायका तर सासूसमोर, दिरासमोर 'काय न्हाई, बरी हाय' ह्याच्यापुढं जातच नाहीत. गर्भपिशवी काढलेली बाई पाचव्या दिवशी घरी जाते. पुढं तिचं दुखणं कुणी बघायचं?"

मी तिला माझ्या वहीची गोष्ट सांगितली. रद्दीपर्यंत पोचले तेव्हा ती इतकी चिडली की मला बरं वाटलं.

तिच्या डोक्यात एक अभ्यास होता. पिशवीच्या ऑपरेशननंतर पोटाच्या दोन्ही बाजूंना, सोनोग्राफीत बघून, शिरांभोवती भुलीचं औषध सोडायचं. त्यानं पहिला दिवस हलका जातो हे माहीत आहे. पण घरी गेल्यावर, डोंगरातल्या घरी, चुलीपुढं, त्याचा काही उपयोग होतो का? हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण तिथपर्यंत जायला निधी मिळत नाही आणि आपल्या खर्चानं जायला एसटी मिळत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एसटी आली तर आली.

नव्या डॉक्टरांना संशोधनासाठी निधी देणारी एक संस्था आहे, खास भूलशास्त्र आणि वेदनाचिकित्सा ह्या विषयांसाठी. दोन वर्षांचा निधी, दोन हप्त्यांत. अट अशी की पास झाल्यावर ठरावीक वर्षांच्या आतच अर्ज करायचा. स्नेहलची मुदत संपत आली होती. ही एक संधी, पुन्हा नाही. तिचा अर्धा पगार, सोनोग्राफीचं छोटं मशीन, गावोगाव जायचा खर्च आणि मंगळवारची ओपीडी, सगळं त्यावरच उभं राहणार होतं. नाहीतर ट्रस्टनं स्पष्ट सांगितलं होतं की ओपीडी परवडत नाही, आणि मग तिला पुण्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अर्जात एक रकाना होता: मार्गदर्शकाचे प्रकाशित शोधनिबंध. मार्गदर्शक म्हणून तिनं माझं नाव घातलं होतं. मी म्हटलं, "पुण्यातला एखादा प्राध्यापक घे. माझी पाटी कोरी आहे." ती म्हणाली, "त्यांना मढ माहीत आहे का? मग तुम्हीच." त्या रकान्यात मी ठसठशीत अक्षरात 'शून्य' लिहिलं. नीतिसमितीची मंजुरी पुण्यातल्या एका महाविद्यालयातून घेतली. तिथल्या एका वरिष्ठांनी सल्लागार म्हणून सही दिली आणि आम्हाला शुभेच्छा देताना त्यांचा चेहरा कीव आल्यासारखा झाला होता. निधी मंजूर झाला. अर्ज वाचून माझ्या शून्याचं कुणाला तरी कौतुक वाटलं की कुणी तो रकाना वाचलाच नाही, हे मला आजही माहीत नाही.

आकडे चालत नव्हते, म्हणून आम्ही कामं धरली. लेण्याद्रीच्या पायऱ्यांचीच युक्ती. एका जाड कागदावर पाच चित्रं काढली: बसून तांदूळ निवडणारी बाई, भाकरी थापणारी, अंगण झाडणारी, डोक्यावर हंडा घेतलेली आणि लावणीला वाकलेली. प्रश्न एकच: ह्यातलं काय जमतं? जितकं जड काम जमतं, तितकं दुखणं कमी. ज्या बाईला दुखतंय म्हणायला लाज वाटते, तिला जमत नाही म्हणायला कमी लाज वाटेल, असा आमचा हिशेब होता.

स्नेहलचं म्हणणं, कार्ड आपल्याजवळच ठेवायचं, घरी गेलो की दाखवायचं. मी म्हटलं, "घरीच देऊ. डोळ्यांसमोर राहील, विचार करून सांगतील." ती म्हणाली, "मॅडम, मला नाही वाटत." मी म्हटलं, "अगं, मी इथं केस पांढरे केलेत." तिनं माझ्या वयाचा मान राखला आणि मी तो मान वापरून घेतला.

पहिले काही महिने उत्तम गेले. मग हिराबाई आली.

हिराबाई डिंभ्याच्या वरच्या वाडीतली. पन्नाशीची, सडसडीत, बोलायला मोकळी. पिशवीचं ऑपरेशन झालं, पोटाच्या बाजूंना इंजेक्शनं झाली, सहाव्या दिवशी कार्ड घेऊन घरी गेली. जाताना तिनं स्नेहलचा गाल कुरवाळला. दहाव्या दिवशी सकाळी तिचा नवरा आणि पुतण्या तिला जीपमधून परत घेऊन आले. टाके उसवले होते, लुगडं रक्तानं भिजलं होतं. स्नेहलनंच भूल दिली, सर्जननं पुन्हा टाके घातले. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. इतक्या वर्षांत ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर मी कधी बसले नव्हते. तो बाक किती कठीण आहे ते त्या दिवशी कळलं.

ती शुद्धीवर आल्यावर स्नेहल तिच्या उशाशी बसली. "मावशे, हंडा कशाला उचलला गं? तीन महिने उचलायचा न्हाई म्हून सांगितलं व्हतं ना?"

हिराबाई चक्रावून बघायला लागली. "आवो, तुमीच तर कागूद दिला व्हता." तिनं नवऱ्याला खूण केली. त्यानं पिशवीतून आमचं कार्ड काढलं. तांदळापुढं कोळशाची खूण, भाकरीपुढं खूण, झाडूपुढं खूण. हंड्यापुढं अर्धवट राहिलेली खूण आणि तिच्यावर बोटाचा लाल डाग.

"येक येक करून बघत व्हते," ती म्हणाली. "जमतंय का बघा म्हनलं व्हतं ना? शेवटचं लावणीचं ऱ्हायलंय, पर आत्ता कुटं लावणी. म्हनलं, पोर इतक्या लांबून येनार, तिचा कागूद कोरा कशाला ठेवू?"

स्नेहल उठून बाहेर गेली. मी तिथंच उभी राहिले, कारण बाहेर जायचाही मला हक्क नव्हता. प्रश्न विचारायला दिलेलं कार्ड तिनं गृहपाठ म्हणून केलं होतं. शिकल्यासवरल्या माणसाला हे खुळेपणाचं वाटेल. पण डॉक्टरनं दिलेला कागद म्हणजे करायची गोष्ट, मग ती गोळी असो की पथ्य, हे आम्हीच आयुष्यभर ह्या लोकांना शिकवलं. आणि तिनं ते प्रेमापोटी केलं होतं. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "हिराबाई, चूक माझी आहे. कार्ड घरी द्यायचं मी ठरवलं होतं. ह्या पोरीनं नको म्हटलं होतं."

"ऱ्हाऊ द्या वो बाई," ती म्हणाली. "मरन न्हाई ना आलं?"

झालेला प्रकार नीतिसमितीला आणि निधी देणाऱ्या संस्थेला कळवणं हा नियम. पुण्याच्या सल्लागारांचा फोन आला. आवाज मऊ होता. "एकच केस आहे. तिला पाठपुराव्यातून गळाली, पुन्हा आलीच नाही, असं दाखवा. सगळेच दाखवतात. नाहीतर दुसरा हप्ता थांबेल, मुलीचं करिअर जाईल. तुमचं काय, तुम्ही निवृत्त आहात."

मला पहिल्यांदा वाटलं, ते म्हणतात ते खरं आहे. चूक माझी, भोगायची ह्या पोरीनं. मी तिला म्हटलं, "निर्णय तुझा. तू काहीही ठरवलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही." स्नेहल त्या कार्डाकडं बघत होती. म्हणाली, "मॅडम, ही बाई गळाली नाही. ही एकटीच तर पूर्ण आली." आणि तिनं अहवालाच्या पहिल्याच पानावर हिराबाई घातली, कार्डाच्या फोटोसकट, लाल डागासकट. खाली मी लिहिलं: कार्ड घरी देण्याचा निर्णय मार्गदर्शकाचा होता, संशोधकाचा विरोध होता.

आठ दिवसांत निधी देणाऱ्या संस्थेचं उत्तर आलं. दुसरा हप्ता स्थगित. संस्थेच्या समितीपुढं हजर राहावं.

मधल्या काळात हिराबाई रुग्णालयातच होती. एका मंगळवारी ओपीडीतला कागद भरताना स्नेहल तिच्याजवळ बसली आणि सहज म्हणाली, "मावशे, तूच सांग, कसं इचारायचं म्हंजे बाय खरं सांगंल आन् उगा उचलायला बी जानार न्हाई?"

हिराबाईनं फार विचारही केला नाही. "जमतंय का असं इचारायचंच न्हाई. त्येच्यानं बाय हट्टाला पेटती. दुखतंय का बी न्हाई, ती न्हाईच म्हनंल. नुस्तं इचारायचं, काल पानी कुनी आनलं? भाकरी कुनी थापल्या? सून म्हनली, दादला म्हनला, शेजारीन म्हनली, की समजायचं. दादल्यानं पानी आनलं म्हंजे तर लईच दुखतंय."

उद्या काय जमेल ते विचारायचंच नाही, काल काय झालं ते विचारायचं. तक्रार नाही, परीक्षा नाही, फक्त घरातली बातमी. मी पस्तीस वर्षं माणसांचे हात कुठं रेंगाळतात ते बघत आले, आणि हा एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

समितीची बैठक पुण्यात होती, सकाळी अकराला. आम्ही दोघी लवकर पोचलो आणि इमारतीच्या दारातच उभ्या राहिलो, कारण वर बसायला जागा नव्हती. एक गाडी आली. त्यातून एक उंच, देखणे गृहस्थ उतरले, आधी दोन्ही पाय बाहेर ठेवून, मग दरवाजाला धरून. ड्रायव्हरनं त्यांची बॅग घेतली आणि एक निळी उशीही घेतली. माझं लक्ष गेलंच, ती खोड जात नाही. आत गेल्यावर कळलं की तेच अध्यक्ष.

ते सौम्यपणे बोलले, पण सगळं आधीच ठरल्यासारखं. असा अभ्यास ग्रामीण भागात सुरक्षितपणे होऊ शकतो का, ही शंका. मोजमापाचं साधन प्रमाणित नाही. मार्गदर्शकांचा संशोधनाचा अनुभव... इथं ते कागदाकडं बघून थांबले. "शून्य," मी म्हटलं. "ठळक लिहिलंय." मग प्रस्ताव आला: निधी बंद करत नाही, फक्त अभ्यास पुण्यातल्या महाविद्यालयाच्या नावावर घ्यावा, मुख्य संशोधक तिथले असतील, डॉक्टर स्नेहल सहायक म्हणून राहतील. पेशंटही शहरातलेच घ्यावेत, म्हणजे देखरेख राहील.

स्नेहल लगेच बोलली. "सर, शहरातल्या बाईच्या नळाला पाणी येतं. माझा प्रश्नच तिथं राहत नाही. चुकलंय ते मी स्वतः लिहून दिलंय, सुधारलंय तेही दिलंय. कार्ड आता घरी जात नाही. प्रश्न बदललाय. पण अभ्यास तिथून हलणार नाही. निधी बंद करायचा असेल तर करा, मग तसं लेखी द्या की डोंगरातल्या बाईचं दुखणं मोजण्याजोगं नाही."

एक सदस्य म्हणाले, "काल पाणी कुणी आणलं? हे काही वेदनेचं मोजमाप झालं का?"

आता मात्र मला राहवेना. मी अध्यक्षांना विचारलं, "सर, तुमची कंबर दुखते का?"

"नाही," ते चटकन म्हणाले. "का?"

"आज तुमची बॅग वर कुणी आणली?"

ते पाठीमागच्या उशीवर हात ठेवून म्हणाले, "ड्रायव्हरनं."

"कधीपासून आणतो?"

"दिवाळीपासून." आणि मग, जरा हळू आवाजात, "घरी माहीत नाही कुणाला."

स्नेहलनं नव्या प्रश्नांचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यांनी तो, चष्मा बदलून, शेवटपर्यंत वाचला.

दुसरा हप्ता आला. उशिरा आला, दोन जादा अटी घेऊन आला, पण आमच्याच पत्त्यावर आला. मंगळवारची ओपीडी चालू आहे. स्नेहल वाड्यावाड्यांवर जाते, चहा पिते आणि विचारते, काल पाणी कुणी आणलं. बायका हसतात आणि सगळं सांगतात. काय निष्कर्ष निघाला ते इथं सांगत नाही, तो शोधनिबंध तिचा आहे, तिनंच सांगावा.

तो निबंध आता एका नियतकालिकानं स्वीकारलाय. लेखिका तीन. पहिली स्नेहल, दुसरी मी, आणि तिसरी हिराबाई, तिच्या राजीखुशीनं, तिच्या पुऱ्या नावानिशी. परवा संपादकांचा मेल आला: तिसऱ्या लेखिकेची पदवी आणि संस्था हे रकाने रिकामे आहेत, ते भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. पाठोपाठ पुण्याच्या सल्लागारांचा फोन. "तिचं नाव शेवटी आभारात टाका ना. तेवढ्यासाठी कशाला अडवून धरता?"

तो ठेवून स्नेहलनं हिराबाईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून विचारलं, काय लिहू? तिकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. "चौथी झालीय म्हनून लिव्हा," ती म्हणाली. "आन् ते दुसरं काय ते, संस्था? घर लिव्हा."

आम्ही तसंच लिहिलं. शिक्षण: चौथी. संस्था: घर. कामाच्या रकान्यात मी माझ्या हातानं भर घातली: पाणी भरणे, भात लावणे, प्रश्न दुरुस्त करणे. छापायचं तर असंच छापा, नाहीतर निबंध परत पाठवा, आम्ही दुसरीकडं देऊ, तिथं नाही झालं तर तिसरीकडं. एक वही मी रद्दीत दिली आहे. दुसरी देणार नाही.